स्टीलचं दुखणं परतीच्या वाटेवर कळतं

नागपूरच्या इतवारी बाजारात भांडी घ्यायला आलेली चाणाक्ष मंडळी खिशातून चुंबक काढतात. चिकटलं नाही की स्टील अस्सल. हिंगणा एमआयडीसीतून टाकीचा कापलेला तुकडा घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आलेले वर्कशॉपवालेही तेच म्हणाले, "चुंबक लावूनच पत्रा घेतला होता नं भाऊ!" टाकी आम्लाच्या कामाची, वर्षभरात पाझरायला लागलेली. वेल्ड मात्र शाबूत होतं. धातू खाल्ला गेला होता तो वेल्डच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून, पट्टीनं आखल्यासारखा.

304 जातीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम असतं. त्याच्या जोरावर पृष्ठभागावर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि गंज अडतो. वेल्डिंग करताना लगतचा एक पट्टा 450 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळतो. तेवढ्यात कार्बन धातूकणांच्या सीमांवर गोळा होऊन क्रोमियमला धरतो. सहा अणू कार्बनचे, तर तेवीस क्रोमियमचे! वजनात सांगायचं तर एक ग्रॅम कार्बन सोळा ग्रॅमहून जास्त क्रोमियम अडकवतो. पण 304 मध्ये कार्बन असतो फार तर 0.08 टक्के. म्हणजे सगळा अडकला तरी क्रोमियम सोळाच्या वर उरायला हवं. उरतंही, पण सरासरीत. घन धातूत कार्बन झपाट्यानं सरकतो, क्रोमियम रडतखडत. त्यामुळे सगळी वसुली सीमेलगतच्या अरुंद पट्टीतून होते आणि तिथलं क्रोमियम 12 टक्क्यांच्या खाली घसरतं. विटा पक्क्या, सांधे पोकळ.

हे तपासण्याची एक जुनी पद्धत म्हणजे उकळत्या नायट्रिक आम्लात 48 तासांच्या पाच फेऱ्या. दहा दिवस! पोटेंशिओस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, काम पाव तासात होतं. तयारीला वेळ लागतो तो वेगळा.

तुकड्याला मागून तार जोडायची, तो रेझिनमध्ये बसवायचा आणि आरशासारखा घासायचा. द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट. तापमान 30 अंश. त्यासाठी इतर ठिकाणी पाणी तापवत असतील. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही बर्फ टाकतो. भांड्यात तीन इलेक्ट्रोड: आपला नमुना, प्लॅटिनम आणि कॅलोमेल. कॅलोमेल फक्त मोजमापाचा, त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. नमुना आणि कॅलोमेल यांच्यातला व्होल्टेज ठरवल्याप्रमाणे राहावा म्हणून पोटेंशिओस्टॅट प्लॅटिनममधून लागेल तेवढा प्रवाह सोडतो. एकदा कॅलोमेलच्या बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. यंत्राला व्होल्टेज कळेना, त्यानं प्रवाह वाढवत नेला, आणि दोन तास घासलेला नमुना डोळ्यांदेखत काळा पडला. तेव्हापासून आधी नळी टिचकी मारून बघतो.

आता फेरी. व्होल्टेज उणे 400 मिलीव्होल्टच्या आसपास सुरू करून अधिक 300 पर्यंत न्यायचा, तासाला 6 व्होल्ट या चालीनं. म्हणजे सात मिनिटं जायला, सात यायला. जाताना सगळाच पृष्ठभाग विरघळू लागतो, आलेखात प्रवाहाचं उंच शिखर उठतं. मग पापुद्रा धरतो आणि प्रवाह कोसळतो. इथपर्यंत चांगलं आणि बिघडलेलं स्टील जवळपास सारखंच दिसतं. परतीच्या वाटेवर पापुद्र्याची परीक्षा होते. भरपूर क्रोमियमवरचा पापुद्रा टिकतो. सीमेवरचा दुबळा पापुद्रा फाटतो, थायोसायनेट त्याला सावरू देत नाही आणि दुसरं शिखर उठतं. दुसऱ्या शिखराला पहिल्यानं भागलं की बिघाडाचं प्रमाण मिळतं. शेकडा एकच्या आत असेल तर चिंता नाही, पाचच्या वर गेलं तर प्रकरण गंभीर.

हिंगण्याच्या तुकड्याचं दुसरं शिखर पहिल्याच्या जवळपास एक पंचमांश आलं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणाभोवती चर खणलेला. वर्कशॉपवाल्यांनी तिथं बराच वेळ डोळा लावला.

आठवड्यानं ते दुसरा तुकडा घेऊन आले. वेल्डर तोच, मशीन तेच, पत्रा मात्र 304 एल, म्हणजे कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत. परतीच्या सात मिनिटांत रेघ तळाशी सरपटत राहिली.

"बिघडलं का मशीन?" त्यांनी विचारलं.