डोळे आत वळले की वस्तू बारकी का दिसते, ह्या भांडणाची पार्श्वभूमी

हल्ली बेळगावात कुठलं पण प्रदर्शन लागू दे, एका कोपऱ्यात व्हीआरचा (चष्म्यातून खोटं जग दाखवतात तो) स्टॉल असतोच, आणि चष्मा काढून बाहेर आलेल्या पोरांतलं एखादं तरी सांगतंय की आतलं सगळं खेळण्यातलं असल्यागत बारकं वाटलं, नाहीतर हात लावावा इतकं जवळ. डोळे किती आत वळले त्यावरून अंतर आणि आकार खरंच कळतात का, हा ह्याच्यामागचा वाद मात्र व्हीआरच्या कितीतरी आधीचा, आपल्या किल्ल्यावर आदिलशाही होती तेव्हाचा.

जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडं वळतात. दोन बुबुळांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर धरा, तर २५ सेंटीमीटरवर धरलेल्या पेपराला दोन नजरांच्या रेषांमधला कोन १४ अंशाच्या पुढं जातो, मीटरभर लांब बसलेल्या माणसाला साडेतीन, आणि ६ मीटरवर जेमतेम ०.६. त्यापुढं असून नसल्यासारखाच. त्यामुळं पाऊस उघडल्यावर येळ्ळूरचा राजहंसगड एकदम जवळ सरकल्यासारखा दिसतो त्यात ह्या कोनाचा काही संबंध नाही, हवेतली धूळ बसलेली असते एवढंच.

तर १६०४ मध्ये केप्लरनं (हो, तोच ग्रहांवाला) दोन डोळे आणि वस्तू ह्यांचा त्रिकोण मांडला, म्हणजे पाया (दोन डोळ्यांमधलं अंतर) माहीत असला की लांबी निघते, जमीन मोजतात तसं. १६३७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं त्यावर आंधळ्या माणसाचं उदाहरण दिलं, दोन हातांत दोन काठ्या, टोकं एका ठिकाणी भिडवली की हातांच्या कोनावरून त्याला अंतर कळतं, डोळ्यांचं पण तसंच. ऐकायला एकदम पटतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीला ते पटलं नाही. १७०९ मध्ये, वय अजून पंचविशीच्या आतच, त्यानं सरळ विचारलं की बघताना हे कोन आणि रेषा कुणाला जाणवतात सांगा? त्याचं म्हणणं, डोळा वळवताना जी ओढ लागते ती आणि अंतर ह्यांची आपल्याला नुसती सवय होते, चेहरा लाल झाला की माणूस लाजलाय हे जसं सवयीनं कळतं तसं. मला विचाराल तर हिशेब की सवय ही गाठ तिथं पडली ती अजून धड सुटलेली नाही.

पुढं १८४४ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ ब्रूस्टरनं भिंतीवरच्या नक्षीदार कागदाची गंमत लिहिली. आपल्याकडं ती दोरीवर वाळत घातलेल्या चौकड्याच्या लुंगीवर करून बघता येते. ६० सेंटीमीटरवर उभं राहायचं, मध्ये बोट धरून बोटाकडं बघायचं, मागचे चौकडे दोन-दोन दिसायला लागतात, मग बोट हळूहळू पुढंमागं करत राहायचं आणि एक चौकडा शेजारच्यावर बरोबर बसला की बोट काढून घ्यायचं. जमलं तर लुंगी जागा सोडून पुढं आल्यासारखी दिसते आणि चौकडे बारीक होतात. अडीच सेंटीमीटरचा चौकडा असला तर भूमितीनं लुंगी ४३ सेंटीमीटरवर यायला पाहिजे आणि चौकडा १.८ चा दिसायला पाहिजे. पण "नक्की किती जवळ आली" विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि घोळ नेमका इथंच आहे.

हा घोळ १८५२ मध्ये व्हीटस्टननं उघड्यावर आणला, स्टिरिओस्कोपवाला (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवून खोली भासवणारं यंत्र). त्याच्या यंत्रात दोन आरसे आणि दोन फिरणारे दांडे, दांड्यांवर चित्रं. दांडे फिरवले की डोळ्यांचा कोन बदलतो पण आरशापासून चित्राचं अंतर तेवढंच राहतं, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा रेसभर लहानमोठी होत नाही. तरी डोळे आत वळले की चित्र आक्रसायचं, बाहेर गेले की फुगायचं! आकार बदलला हे लगेच कळतं, पण अंतराचं विचारलं की माणूस गडबडतो, कितीजण तर "लांब गेलं" म्हणतात, कारण बारकं झालंय ना. थिअरीप्रमाणं ते जवळ यायला पाहिजे.

१९४१ मध्ये टेलर नावाच्या संशोधकानं अंधारात प्रयोग केला. झगझगीत उजेडात हाताकडं बघायचं, मग मिट्ट काळोखात तोच हात तोंडाजवळ आणायचा, तर डोळ्यात राहिलेली हाताची छबी बारीक होत जाते. श्रेय त्यानं डोळे वळण्यालाच दिलं. त्यानंतर बरीच वर्षं ही गोष्ट पुस्तकांत जवळपास पक्की धरून चालले, चष्म्यात बेस-आऊट प्रिझम (डोळे आत वळवायला लावणारी काच) घातला की वस्तू बारक्या दिसतात हे पण त्यातच जोडलं गेलं.

आणि मग २०२० आणि २०२१ मध्ये लंडनच्या पॉल लिंटन ह्या संशोधकानं सगळ्यावर पाणीच ओतलं. त्यानं कोन इतका हळूहळू बदलला की बघणाऱ्याला डोळे वळल्याचा पत्ताच लागला नाही, आणि तशात ना अंतर ओळखता आलं ना आकार बदलल्याचं दिसलं. म्हणजे डोळे वळतायत हे माणसाला कळतं, म्हणून तो अंदाज बांधतो, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते मान्य नाही, हातभर अंतरात तरी कोनाचा उपयोग होतो असं मानणारे अजून आहेत. पण केप्लरच्या त्रिकोणापेक्षा माझा कल बर्कलीच्या बाजूला जास्त आहे, आणि प्रदर्शनातल्या त्या व्हीआर चष्म्याबद्दल बोलायचं तर दोन लेन्समधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणं ॲडजस्ट न करता एकाच सेटिंगवर पोरांची रांग पळवतात, तेवढं आधी बघा की.