एका स्वल्पविरामाचा कैदी: ‘द प्रिझनर’ची पार्श्वभूमी

“नंबर एक कोण आहे?” कैदी विचारतो. पलीकडून उत्तर येतं, “यू आर नंबर सिक्स.” ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकेच्या बहुतेक भागांच्या सुरुवातीला हा संवाद येतो. पहिल्यांदा ऐकताना ती टाळाटाळ वाटते: ते सोड, तू सहा नंबर आहेस. पण सतरा भाग संपवून पुन्हा ऐकलं की ‘यू आर’नंतर एक स्वल्पविराम ऐकू यायला लागतो. यू आर, नंबर सिक्स. तूच आहेस, बाबा. मराठीत ही गंमत जमत नाही. दुसऱ्या अर्थासाठी ‘च’ लावावाच लागतो आणि तो लावला की गुपित फुटतं.

गोष्ट अशी: राजीनामा दिलेला एक हेर बेशुद्ध करून ‘व्हिलेज’ नावाच्या गावात डांबला जातो. तिथे माणसांना नावांऐवजी क्रमांक असतात; त्याचा सहा, आणि गावामागचा नंबर एक कोण हे त्याला ठाऊक नसतं. १९६७-६८ मधल्या या मालिकेला तत्त्वज्ञानाची मालिका म्हणायची पद्धत आहे, आणि ते चूकही नाही. फक्त हे तत्त्वज्ञान कोणी आधी ठरवून, आखून पडद्यावर आणलं असं समजायचं कारण नाही. दोन माणसांचा न मिटलेला मतभेद, एक न चाललेलं यंत्र, अर्ध्यात बदललेली भागांची संख्या आणि एका नटाची भादरलेली दाढी, यांतून त्याचा बराचसा भाग घडला.

नंबर सहाची भूमिका करणारे आणि मालिका घडवणारे पॅट्रिक मॅकगूहन यांचा जन्म १९२८ चा, न्यूयॉर्कमधला. वाढले आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडच्या शेफील्डला. १९५९ मध्ये लंडनच्या लिरिक हॅमरस्मिथ नाट्यगृहात त्यांनी इब्सेनच्या ‘ब्रांड’मधला धर्मोपदेशक केला. ‘सगळं किंवा काहीच नाही’ हे त्या ब्रांडचं ब्रीद. तडजोड न करण्याच्या हट्टापायी तो स्वतःचं आणि जवळच्यांचं वाटोळं करतो. नंबर सहा समजून घ्यायला गुप्तहेरकथांपेक्षा हा ब्रांड जास्त उपयोगी पडतो. पुढच्याच वर्षी ‘डेंजर मॅन’ सुरू झाली आणि जॉन ड्रेक नावाच्या हेराच्या भूमिकेने मॅकगूहन घराघरांत पोचले. त्यांच्या अटी ठरलेल्या होत्या: पिस्तूल शक्य तितकं कमी, नायिकांशी प्रणय नाही. जेम्स बाँडची भूमिकाही त्यांनी नाकारली. १९६६ मध्ये ‘डेंजर मॅन’चे रंगीत भाग सुरू झाले, दोन झाले आणि मॅकगूहन यांनी आयटीसी कंपनीच्या ल्यू ग्रेड यांना सांगितलं, बस्स. राजीनामा देणाऱ्या हेराची गोष्ट अशी एका राजीनाम्यातूनच सुरू झाली.

नंबर सहा म्हणजे ड्रेकच का, हा वाद रसिक अजून घालतात. पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टाइन म्हणत, अर्थात तोच. मॅकगूहन कायम नाही म्हणाले. यात एक कोरडी व्यवहाराची बाजूही आहे: ड्रेक हे पात्र ‘डेंजर मॅन’चे जनक राल्फ स्मार्ट यांचं, आणि ते वापरलं असतं तर मानधनाचा हक्क त्यांच्याकडे गेला असता. पण या दोघांचा मतभेद नावापुरता नव्हता. मार्कस्टाइन पत्रकारितेतून आलेले. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या इन्व्हरलेअर लॉज या घरात, जास्त माहिती झालेल्या पण कामावर पाठवता न येणाऱ्या माणसांना सुखवस्तू नजरकैदेत ठेवलं जाई, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या लेखी व्हिलेज म्हणजे असलीच एक खरी जागा, आणि कथेचा प्रश्न एकच: याने राजीनामा का दिला? मॅकगूहन यांना त्या कारणात फारसा रस नव्हता. त्यांच्यासाठी व्हिलेज हे रूपक होतं, शाळेपासून सरकारपर्यंत माणसाला क्रमांक देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेचं. पहिले तेरा भाग झाल्यावर मार्कस्टाइन बाहेर पडले. तोवरचे भाग या दोन ओढींमध्ये ताणलेले आहेत, आणि माझ्या मते मालिकेची ताकद त्या ताणात आहे. निव्वळ रूपक असतं तर प्रवचन झालं असतं. निव्वळ हेरकथा असती तर आज कोणी आठवली नसती.

राजीनाम्याचा प्रश्न त्या काळी केवढा ज्वलंत होता हे विसरता कामा नये. सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारे ब्रिटिश अधिकारी बर्जेस आणि मॅक्लीन १९५१ मध्ये सोव्हिएत रशियाकडे पळाले, त्यांचा साथीदार फिल्बी १९६३ मध्ये. ‘द प्रिझनर’चं चित्रीकरण सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झालं आणि २२ ऑक्टोबरला, काम चालू असतानाच, तसाच आणखी एक हेर जॉर्ज ब्लेक लंडनच्या वर्मवुड स्क्रब्स तुरुंगातून निसटला. नोकरी सोडणाऱ्या हेराकडे त्या वर्षी ब्रिटनमध्ये कोण कशा नजरेने पाहील, हे प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती. ‘तू कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न मालिकेत दोन्हीकडून विचारला जातो आणि दोन्हीकडून टाळला जातो.

जागा मात्र आधीच सापडलेली होती. उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरचं पोर्टमेरियन ‘डेंजर मॅन’च्या अगदी सुरुवातीच्या भागात इटली म्हणून वापरलं गेलं होतं. वास्तुविशारद क्लॉ विल्यम्स-एलिस यांनी १९२५ पासून ते बांधायला घेतलं. ठिकठिकाणी पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे खांब, छतं, दर्शनी भाग आणून त्यांनी ते इथे बसवले. काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. काही इमारती वर निमुळत्या केल्यामुळे आहेत त्यापेक्षा उंच वाटतात. म्हणजे मुळातच हे गाव सुंदर आणि थोडं खोटं. तुरुंग म्हणून भिंती, तारा, बुरूज उभारायची गरजच पडली नाही. ही जागा कुठली हे मालिकेने शेवटच्या भागापर्यंत सांगितलं नाही. त्या भागाच्या श्रेयनामावलीत पहिल्यांदा पोर्टमेरियनचं नाव आलं. आतले प्रसंग बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत चित्रित झाले.

खर्च भागाला सुमारे ७५,००० पौंड, त्या काळच्या ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी डोळे पांढरे करणारा. अमेरिकेत विकायची म्हणून मालिका ३५ मिमी रंगीत फिल्मवर झाली. पट्टेरी अंगरखे, रंगीबेरंगी छत्र्या, गडद कोट आणि त्याला पांढरी किनार हे सगळं रंगासाठी रचलेलं. पण मालिका दाखवणाऱ्या आयटीव्ही वाहिनीचं रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झालं. म्हणजे पहिल्या ब्रिटिश प्रेक्षकांनी हे जत्रेसारखं गाव करड्या रंगात पाहिलं. पाट्यांचं अक्षरवळणही लक्ष देऊन पाहा. बर्थोल्ड वोल्पे यांचा अल्बर्टस हा भारदस्त टंक घेऊन त्यातल्या ‘आय’चा ठिपका काढला आणि ‘ई’ची बंद खोली उघडी ठेवली. वाचताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, पण बोट ठेवता येत नाही. गावाचा स्वभाव एवढ्यात कळतो.

आता रोव्हर. पळून जाणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी म्हणून आधी एक स्वयंचलित वाहन बनवलं होतं: खाली गो-कार्टसारखा सांगाडा, वर घुमट, घुमटावर पोलिसांच्या गाडीसारखा फिरता दिवा. त्याने जमिनीवर, वाळूत आणि पाण्यातही चालावं अशी अपेक्षा होती, आणि ते धड कुठेच चाललं नाही. तेव्हा हवामान खात्याच्या फुग्याची कल्पना पुढे आली. माणसाच्या उंचीहून मोठा पांढरा फुगा. त्याला दोरीने ओढत, वाऱ्यावर सोडत चित्रीकरण केलं. समुद्रातून वर उसळण्याचे प्रसंग फिल्म उलटी फिरवून मिळवले. फुगे फुटत, वारा भलतीकडे नेई, पुन्हा सुरुवात करावी लागे. पण तो दिवेवाला घुमट चालला असता तर मालिकेत आणखी एक भंगार रोबो आला असता, एवढंच. फुग्याला डोळा नाही, चेहरा नाही, हेतू नाही. माणसाच्या तोंडावर तो पांढरा पापुद्रा ताणला जातो आणि आतून ओरडणारा चेहरा उमटतो, तेव्हा सत्तेबद्दल मालिका जे सांगते ते कुठल्याही संवादापेक्षा थेट पोचतं.

सुरुवातीची तीनेक मिनिटंही अशीच काटकसरीने बांधलेली आहेत. ढगांचा गडगडाट, मोकळ्या पट्ट्यावरून येणारी लोटस सेव्हन गाडी, लंडन, भुयारी वाहनतळ, लांब बोळ. टेबलावर राजीनामा आपटला जातो, बशी फुटते. टेबलामागे शांत बसलेला गृहस्थ म्हणजे खुद्द मार्कस्टाइन. मग टंकयंत्र नायकाच्या छायाचित्रावर ‘एक्स’ची ओळ मारतं, यांत्रिक हात कार्ड उचलून एका खणात टाकतो. घरी तो बॅग भरतोय आणि किल्लीच्या भोकातून गॅस आत येतो. शुद्ध येते तेव्हा खोली तीच, पडदा बाजूला केला की बाहेर व्हिलेज. या सगळ्यात रॉन ग्रेनर यांचं संगीत आहे, संवाद नाही.

विचाराच्या दृष्टीने सर्वांत कसदार भाग कुठला, तर माझं बोट ‘चेकमेट’वर. या गावात कैदी आणि पहारेकरी एकाच वेषात फिरतात. ओळखायचं कसं? नंबर सहा युक्ती काढतो: अधिकाराने हुकूम सोडायचा. जो निमूट ऐकेल तो कैदी, जो उलट पाहील तो पहारेकरी. युक्ती बिनचूक चालते. माणसं जमतात, पळायची योजना तयार होते. मग ऐन वेळी साथीदारच फिरतात, कारण त्यांनी तीच कसोटी नंबर सहाला लावली आणि इतक्या रुबाबात वागणारा माणूस पहारेकरीच असणार असा निष्कर्ष काढला. तर्क चोख, घात पूर्ण. बंडखोराचा ताठा आणि मालकाचा ताठा बाहेरून सारखाच दिसतो, ही शेवटच्या भागाची गुरुकिल्ली इथे आधीच ठेवलेली आहे.

‘हॅमर इनटू अ‍ॅन्व्हिल’ याच्या शेजारी ठेवून पाहावा. नंबर सहा दुकानात एकाच ध्वनिमुद्रिकेच्या अनेक प्रती मागवतो, घड्याळ लावून ऐकतो, काहीतरी टिपतो. कोरे कागद काळजीपूर्वक लपवतो. प्रयोगशाळा सांगते, कागद कोरेच आहेत. आणि गावाचा तेव्हाचा प्रमुख, म्हणजे तेव्हाचा नंबर दोन, प्रयोगशाळेच्या माणसावरच संशय घेतो. पाळत ठेवणाऱ्याला रिकामी जागा सोसवत नाही, ती तो स्वतःच्या भीतीने भरतो. ‘द जनरल’मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन मिनिटांत डोक्यात उतरतो, गावकरी सनावळ्या शब्दशः घोकतात, आणि सगळं जाणणारं संगणकयंत्र ‘का?’ या प्रश्नावर जळून जातं. कल्पना छान, शेवट फार सोपा. ‘अ चेंज ऑफ माइंड’ जास्त बोचतो: तिथे छळ गाव करतं, बहिष्कार टाकून.

सगळे भाग या तोलाचे नाहीत. मॅकगूहन यांना मोजके सात भाग हवे होते, ग्रेड यांना अमेरिकी विक्रीसाठी सव्वीस; तडजोड सतरावर झाली आणि शेवटच्या टप्प्यात ओढाताण दिसते. एका भागात नंबर सहाचं मन दुसऱ्याच शरीरात घातलं आहे, कारण मॅकगूहन तेव्हा एका हॉलिवूडपटात अडकले होते आणि काम नायजेल स्टॉक यांच्यावर भागवावं लागलं. बायकांच्या बाबतीत मालिका चक्क कोती आहे; विश्वास टाकावा अशी बाई दिसली की ती फितूर निघणार, हे चौथ्या-पाचव्या भागापर्यंत कळून चुकतं. ‘डान्स ऑफ द डेड’मधली मेरी मॉरिस यांची नंबर दोन हा सणसणीत अपवाद.

क्रमाचा घोळ वेगळाच. भाग ज्या क्रमाने तयार झाले त्या क्रमाने दाखवले गेले नाहीत. ‘फ्री फॉर ऑल’ दुसरा तयार झाला, ब्रिटनमध्ये चौथा लागला. ‘डान्स ऑफ द डेड’ आठवा लागला, आणि त्यात नायक म्हणतो, मी इथे नवा आहे. नव्याने पाहणाऱ्याने पहिला ‘अरायव्हल’ झाल्यावर हे दोन पाहून घ्यावेत, ‘चेकमेट’ त्यांच्या मागोमाग, आणि शेवटचे दोन लागोपाठ एकाच बैठकीत.

त्या शेवटच्या दोघांत जवळपास वर्षाचं अंतर आहे. ‘वन्स अपॉन अ टाइम’ सुरुवातीच्या भागांबरोबर तयार झाला. लिओ मॅकर्न यांचा नंबर दोन आणि कैदी एका बंद खोलीत बालपणापासून आयुष्य पुन्हा खेळतात, त्यात एकाचा मृत्यू होतो. पुढचा भाग करायची वेळ आली तेव्हा मॅकर्न यांची दाढी आणि केस गेलेले. मग ‘फॉल आउट’मध्ये मेलेल्या नंबर दोनला जिवंत करायचं, आणि जिवंत करताना दाढी करायची असा प्रसंगच घातला. पुनर्जन्म झालेला माणूस गुळगुळीत चेहऱ्याने हसत उठतो. अडचणीची इतकी सुरेख वाट लावलेली क्वचितच पाहायला मिळते.

‘फॉल आउट’ ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९६८ च्या सुरुवातीला लागला आणि लोक खवळले. त्यांना खलनायक हवा होता. नंबर सहाला जिंकल्याबद्दल सिंहासन मिळतं, तो भाषणाला उभा राहून ‘आय’ म्हणतो आणि सभा ‘आय! आय! आय!’ ओरडून त्याला बुडवते. इंग्रजीत त्या एका उच्चारात ‘मी’ही आहे आणि सभेतला ‘मंजूर’ही. व्यक्तीचा उद्गार आणि झुंडीचा होकार कानाला एकच. मग तो नंबर एकचा मुखवटा ओढतो. खाली माकडाचा मुखवटा, त्याखाली त्याचा स्वतःचा वेडगळ हसणारा चेहरा. तो क्षण इतका झटकन जातो की पुष्कळांच्या तो नजरेतूनच निसटला.

मालिका मोडीत निघाली नाही. १९७६-७७ मध्ये ती पुन्हा दाखवली गेली आणि १९७७ मध्ये ‘सिक्स ऑफ वन’ ही रसिकांची संस्था उभी राहिली. २००९ मध्ये नामिबियात चित्रित झालेली नवी आवृत्ती आली. तिच्यात कोडी होती, पण सहा नंबरचा तो असह्य ताठा नव्हता, आणि त्यावाचून कोड्यांना अर्थ उरला नाही.

मूळ शेवट पाहताना दोन गोष्टी निसटू देऊ नका. लंडनच्या घराचं दार गुणगुणत आपोआप उघडतं, व्हिलेजमधल्या दारांसारखं, आणि त्यावर आकडा आहे १. श्रेयनामावलीत अलेक्सिस कॅनर, लिओ मॅकर्न आणि बटलर झालेले अँजेलो मस्कट यांची नावं त्यांच्या त्यांच्या दृश्यावर उमटतात. मॅकगूहन यांची पाळी येते तेव्हा पडद्यावर नाव नसतं, फक्त ‘प्रिझनर’ हा शब्द. मग पुन्हा गडगडाट, मोकळा रस्ता, आणि समोरून भरधाव येणारी तीच गाडी.