पंख टाकलेली राणी मुंगी काय खाते?

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मिरगाचा पाऊस पडून गेला की कोकणात पडवीतल्या दिव्याखाली सकाळी पंखांचा आणि मेलेल्या किड्यांचा खच असतो. तो पाहिला की कुणालाही हे पटावं. पण त्या खचातल्या बऱ्याचशा मुंग्या नसतातच, वाळवी असते. आणि मुंग्या असतात त्यांत नरांचा भरणा मोठा. पंखवाली मादी, म्हणजे होऊ घातलेली राणी, जगली तर भरपूर जगते. युरोपातल्या लेसियस नायजर या काळ्या मुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. शिवाय कामकरी मुंगीला कधीही पंख फुटत नाहीत. कोशातून बाहेर येतानाच पंख असले तर असतात.

अशी राणी अंगणात फिरताना सापडली तर ओळखायची कशी? आधी वाळवी वेगळी काढावी. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, स्पर्शिका सरळ. मुंगीची कंबर बारीक, स्पर्शिका कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. हे सोपं आहे. घोळ होतो तो मुंगळ्यात. काळ्या मुंगळ्यांच्या वारुळात काही कामकरी चांगलेच थोराड, मोठ्या डोक्याचे असतात आणि लोक त्यांनाच राणी समजून बाटलीत भरतात. डोक्याच्या आकाराकडे पाहूच नका. पाहायची ती छाती, म्हणजे डोकं आणि पोट यांच्यामधला भाग. कामकऱ्याची छाती सडपातळ असते. राणीची फुगीर, पाठीवर चांगली उंच. भिंगातून बघितलं तर छातीच्या दोन्ही बाजूंना पंख गळल्याच्या बारीक गडद खुणा दिसतात आणि डोक्याच्या माथ्यावर त्रिकोणात बसलेले तीन साधे डोळे. मुंगळ्याच्या कामकऱ्यांना ते तीन डोळे नसतात.

ही छाती फुगीर का, यातच राणीची सगळी गोष्ट आहे. मुंगीचे मुख्य उड्डाणस्नायू थेट पंखांना जोडलेले नसतात. छातीच्या कवचात स्नायूंचे दोन मोठे गट असतात, एक उभा आणि एक लांबीच्या दिशेने. उभा गट आकसला की छातीचं छत खाली दबतं आणि पंख वर जातात. लांबीचा गट आकसला की छत वर उचललं जातं आणि पंख खाली येतात. एवढी यंत्रणा मावायला जागा हवी, म्हणून छाती मोठी. पण राणी आयुष्यात उडते ती मिलनापुरती. त्या उड्डाणात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या एका पिशवीत जन्मभर जपून ठेवते. जमिनीवर उतरली की पायांनी पंख दाबून मोडून टाकते. पंखांच्या मुळाशी त्यासाठी कमकुवत रेघच असते. मग मातीत लहानशी खोली करून तिचं तोंड आतून बंद करते.

आता तिला खायला कोण आणणार? कुणीच नाही, आणि ती स्वतःही बाहेर पडत नाही. ती आपलेच उड्डाणस्नायू वापरते. होडी किनाऱ्याला लागल्यावर तिच्याच फळ्या काढून चूल पेटवावी तसं हे आहे. शार्ल जाने या फ्रेंच संशोधकाने मुंग्यांच्या राण्यांमध्ये हे स्नायू विरघळत जातात हे १९०७ साली दाखवलं. स्नायूंतली प्रथिनं सुटी होऊन रक्तात येतात, शरीरातल्या चरबीच्या ऊतीत त्यांच्यापासून नवी प्रथिनं बनतात आणि ती अंड्यांच्या बलकात जातात. पहिल्या अळ्यांनाही राणी आपल्या शरीरातल्या साठ्यातूनच भरवते. म्हणून पहिली पिढी मोजकी आणि आकाराने खुजी असते.

२०१४ साली रॉबर्टो केलर, ख्रिश्चन पीटर्स आणि पॅट्रिशिया बेल्डाडे यांनी अनेक जातींच्या राण्या आणि कामकऱ्यांच्या छात्या ताडून पाहिल्या. कामकऱ्यांत छातीचा पहिला भाग मोठा असतो, कारण मानेचे स्नायू तिथे असतात आणि ओझं उचलायला तेच लागतात. स्वतःला कोंडून घेणाऱ्या राण्यांत हा भाग आक्रसलेला आणि उड्डाणाचा दुसरा भाग अवाढव्य. पण ज्या जातींत राणी सुरुवातीला स्वतः शिकारीला जाते, तिथे मानेचा भागही रुंद राहतो. म्हणजे मानेवरून सांगता येतं, राणी उपाशी बसणारी की शिकार करणारी! मला हे विलक्षण वाटतं.

पाळण्याचे नियम यातूनच निघतात. मुंगळ्याची राणी कोंडून घेणारी. टेस्ट ट्यूबच्या तळाशी एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी हवा खेळेल असा दुसरा बोळा. अन्न द्यायचं नाही. दिलेल्या साखरेला बुरशी येते, बाकी काही होत नाही. नळी कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी. फ्रीजवर नको, तिथे सतत कंप असतो. रोज काढून बघण्याचा मोह टाळा, कारण घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते. आठवड्यातून एकदा क्षणभर डोकावणं पुरे. मात्र उड्या मारून शिकार करणाऱ्या, लांब जबड्यांच्या हार्पेग्नॅथस मुंगीची राणी सह्याद्रीच्या पायथ्याला सापडली, तर तिला सुरुवातीपासून लहान किडे लागतात. आणि डायाकामा या काळ्या, रेघाळ कवचाच्या मुंगीत तर वेगळी राणीच नसते. मिलन झालेली एक कामकरीच अंडी घालते.

पंख गळले म्हणजे मिलन झालंच, असंही नाही. न फळलेल्या अंड्यांतून नुसते नर निघतात. त्यामुळे ‘फळलेली राणी, हमखास वसाहत’ म्हणून इंटरनेटवर विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. या बाजाराची भूक किती वाढली आहे ते २०२५ मध्ये केनियात दिसलं. एप्रिलमध्ये दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राण्या सापडल्या, त्याही अशाच कापूस लावलेल्या नळ्यांत. पुढच्या महिन्यात न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड ठोठावला. दुसऱ्या मुलुखातली मुंगी सुटली तर तिथल्या किड्यांची धूळधाण करू शकते. आपल्या अंगणातली राणी ठेवावी, लांबून मागवू नये. वारूळ खणून तर राणी काढूच नये. त्यात अख्खी वसाहत मरते.

कोकणातल्या जून-जुलैच्या उबेत दीड महिन्याच्या आसपास पहिले कोश फुटायला लागतात. मुंगळ्याची राणी ते जबड्याने कुरतडून आतल्या फिकट कामकरीला बाहेर यायला मदत करते. त्यानंतर अन्न सुरू करावं: साखरपाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब आणि हाताने मारलेला एखादा डास. फवाऱ्याने मारलेला मुळीच नको.