टेस्ला कॉइलच्या निऑन ट्रान्सफॉर्मरचं आरएफपासून संरक्षण

हवेत लांब ठिणग्या सोडणाऱ्या हौशी स्पार्क गॅप टेस्ला कॉइलला हाय व्होल्टेज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर त्याच कॉइलमधून उलट येणाऱ्या आरएफने (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विजेने) जळू नये म्हणून जे फिल्टर, सेफ्टी गॅप आणि अर्थिंग करतात, त्याची ही नोंद. हा ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा निऑन पाटीचा असतो, म्हणजे १५ केव्ही ३० मिलिअँपवाला, डांबर भरलेला जड डबा. पुण्यात पाट्या एलईडीच्या झाल्या तसे हे डबे भंगारात गेले आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरलं तर कधीमधी हाती लागतात. नवा इलेक्ट्रॉनिक निऑन सप्लाय या कामाला चालत नाही, लोखंडी कोअरवालाच लागतो. आणि ३० मिलिअँप म्हणजे कमी असं समजू नये, माणूस मरायला तेवढा पुरतो.

लोकांना वाटतं लोड जास्त झाला म्हणून ट्रान्सफॉर्मर गेला, पण तसं सहसा नसतं. याच्या कोअरमध्ये मॅग्नेटिक शंट, म्हणजे चुंबकीय प्रवाहाला आडवाट देणारे लोखंडी तुकडे असतात, त्यामुळे आउटपुट शॉर्ट केलं तरी करंट आपोआप मर्यादेत राहतो. मारतो तो व्होल्टेज. स्पार्क गॅप, म्हणजे ज्या फटीत ठिणगी पडून कॉइलला झटका मिळतो ती, पेटताना मेगाहर्ट्झपर्यंतचे तीव्र झटके उठतात, हा झटका वाइंडिंगच्या सगळ्या वेढ्यांमध्ये सारखा वाटला जात नाही, टोकाकडचे थोडे वेढेच बराचसा अंगावर घेतात आणि तिथलं इन्सुलेशन फुटून डांबरात कार्बनची वाट तयार होते. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे हाय व्होल्टेजचं वाइंडिंग, मधोमध बॉडीला जोडलेली असते म्हणून बऱ्याचदा एकच अर्धा भाग मरतो, एका टर्मिनलला बॉडीकडे चांगला आर्क आणि दुसऱ्याला मरतुकडा, असं दिसलं की समजायचं.

पहिला उपाय फुकटचा आहे: मेन स्पार्क गॅप ट्रान्सफॉर्मरला समांतर लावायचा आणि कपॅसिटर टेस्ला कॉइलच्या प्रायमरीच्या सिरीजमध्ये (कपॅसिटर आणि प्रायमरीच्या या जोडीला टँक म्हणतात). उलटं केलं, म्हणजे कपॅसिटर थेट ट्रान्सफॉर्मरवर आला, तर टँकचं सगळं रिंगिंग, म्हणजे घंटेसारखं थरथरत राहणारं व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर पडतं.

त्यानंतर फिल्टर. जुन्या आराखड्यांत दोन्ही वायरींवर चोक (आरएफ अडवणाऱ्या गुंडाळ्या) दिसतात, ते टाळलेलेच बरे, कारण चोकची इंडक्टन्स आजूबाजूच्या कपॅसिटन्सबरोबर स्वतःच वाजायला, म्हणजे रिंगिंग करायला लागते आणि संरक्षणाऐवजी नवीनच भानगड होते. रेझिस्टर वाजत नाही, ऊर्जा गरम होऊन संपवतो. म्हणून हल्ली टेरी फिल्टर लावतात: प्रत्येक बाजूला १ किलोओहम १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या अंगाला अर्थपर्यंत कपॅसिटरची माळ आणि समांतर एमओव्हीची (व्होल्टेज हद्दीबाहेर चढलं की ते दाबणाऱ्या चकत्यांची) माळ. उदाहरणार्थ ३.३ नॅनोफॅरड १६०० व्होल्टचे ८ पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सिरीजमध्ये घेतले की साधारण ४०० पिकोफॅरड आणि १२.८ केव्ही मिळतात, अर्ध्या वाइंडिंगचा पीक १०.६ केव्ही असतो त्याला हे पुरतं. प्रत्येकावर १० मेगओहमचा ब्लीडर, म्हणजे साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर हवाच. रेझिस्टर, एमओव्ही पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत विचारून बघावेत.

सेफ्टी गॅप, म्हणजे व्होल्टेज फार चढलं तर पेटून ते अर्थला सोडणारी फट, तीन गोळ्यांचा, मधली अर्थला. सेट करताना फक्त ट्रान्सफॉर्मर जोडायचा आणि स्पार्क जेमतेम बंद होईल इतकंच अंतर ठेवायचं. तो सारखा पेटतोय म्हणून अंतर वाढवत नेणारे बरेच असतात, पण तो पेटणं ही तक्रार आहे, ती ऐकायची. कारण बहुतेकदा टँक कपॅसिटरमध्ये सापडतं. ५० हर्ट्झला या ट्रान्सफॉर्मरशी रेझोनंट होणारा कपॅसिटर ६.४ नॅनोफॅरडच्या आसपास येतो आणि तिथे व्होल्टेज रेटिंगच्या कितीतरी वर चढतं. अमेरिकन तक्ते ६० हर्ट्झचे असतात, त्यात हाच आकडा ५.३ दिसतो, म्हणून तिकडचा ‘थोडा मोठा’ कपॅसिटर जसाच्या तसा उचलला तर इकडे बरोबर रेझोनन्सवर जाऊन बसतो. स्टॅटिक (न फिरणाऱ्या) गॅपला साधारण दीडपट, म्हणजे साडेनऊ नॅनोफॅरड धरतात.

अर्थिंग वेगळं लागतं. टेस्ला कॉइलच्या सेकंडरीचं खालचं टोक, सेफ्टी गॅपची मधली गोळी, फिल्टरचा अर्थ हे सगळं जमिनीत ठोकलेल्या स्वतंत्र रॉडला, घरातल्या थ्री-पिनच्या अर्थला नाही, नाहीतर तोच आरएफ टीव्ही, राउटरपर्यंत फिरतो. पुण्यात खाली मुरूम आणि काळा पाषाण, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक, त्यामुळे एक रॉड पुरेलच असं नाही, दोन-तीन ठोकून जोडावे लागतात आणि पाणी घालावं लागतं. व्हेरिअ‍ॅकच्या (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरच्या) आधी, २३० व्होल्टच्या बाजूला लाइन फिल्टर लावतात, त्याचा डबा मात्र घराच्या अर्थलाच. हवेतून जाणारा आरएफ यातल्या कशानेच थांबत नाही, आणि नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश याच रेडिओ गोंगाटापासून लांब म्हणून उभ्या आहेत, तेव्हा त्या बाजूच्या शेतघरात कॉइल चालवायला जाऊ नये.