अल्जीरियाचे युद्ध आणि फ्रेंच वैचारिक नियतकालिके

1 नोव्हेंबर 1954 रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने (एफएलएन) सशस्त्र उठाव केला आणि अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. 1962च्या मार्चमध्ये फ्रान्स आणि एफएलएन यांच्यात झालेल्या एव्हियाँ करारानंतर ते थांबले. त्या काळात पॅरिसमधील साहित्य-संस्कृतीला वाहिलेल्या नियतकालिकांमध्ये जो वाद चालला, त्याची ही नोंद आहे. 1830पासून फ्रेंचांच्या ताब्यात असलेला अल्जीरिया कायद्याने फ्रान्सचाच भाग मानला जाई आणि सुमारे दहा लाख युरोपीय वंशाचे लोक तिथे राहत होते. सरकारच्या लेखी हा केवळ सुव्यवस्था राखण्याचा प्रश्न होता. त्याला ‘युद्ध’ म्हणायला फ्रेंच संसदेने 1999 साल उजाडू दिले. 1955च्या आणीबाणी कायद्याने आणि 1956च्या विशेषाधिकार कायद्याने सरकारच्या हाती मोठे अधिकार आले. पुढच्या काळात वृत्तपत्रांचे, नियतकालिकांचे अंक आणि पुस्तके वारंवार जप्त झाली.

या वादात दोन नियतकालिके आघाडीवर होती. ‘एस्प्री’ची स्थापना 1932 मध्ये एमान्युएल मुनिए यांनी केली. ते पुरोगामी कॅथलिक विचारांचे होते. ‘ले तां मोदेर्न’ 1945 मध्ये तत्त्वज्ञ-लेखक झां-पॉल सार्त्र, सिमोन द बोव्हुआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले. मार्टिनिक बेटावर जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ आणि पुढे एफएलएनमध्ये गेलेले लेखक फ्रांत्स फानों यांचे वंशवादावरील आरंभीचे लेखन 1951-52 मध्ये ‘एस्प्री’तच आले होते. म्हणजे वसाहतींचा प्रश्न तिथे युद्धाच्या आधीपासून होता. ‘ले तां मोदेर्न’ने 1955च्या उत्तरार्धात ‘अल्जीरिया म्हणजे फ्रान्स नव्हे’ अशा मथळ्याखाली आपली भूमिका मांडली. पुढच्या वर्षी सार्त्र यांनी वसाहतवाद ही एक व्यवस्था आहे, असा युक्तिवाद केला. चांगले वसाहतवाले आणि वाईट वसाहतवाले असा भेद करून काही साधत नाही. जमीन, मजुरी आणि मताधिकार यांची मांडणीच अन्यायावर उभी आहे, असे त्यांचे म्हणणे. सुधारणांवर आशा ठेवणाऱ्या उदारमतवाद्यांना हे झोंबले.

युद्धाचे प्रत्यक्ष रूप वाचकांपर्यंत आणण्यात ‘एस्प्री’चा वाटा मोठा आहे, आणि चर्चेत तो बहुधा मागे पडतो. एप्रिल 1957च्या अंकात रोबेर बोनो या इतिहास-शिक्षकाचा लेख छापून आला. राखीव सैनिक म्हणून त्याला पूर्व अल्जीरियातील नेमांशा डोंगरांत पाठवले होते. कैद्यांचा छळ आणि हत्या यांविषयी त्याने स्वतःच्या नावाने लिहिले. तत्त्वचर्चेने भरलेल्या कित्येक पानांपेक्षा या एका साक्षीचे मोल अधिक आहे.

खरी फूट पडली ती पुढच्या प्रश्नावर : युद्ध अन्याय्य असेल, तर नागरिकाने लिहून थांबायचे की कायदा मोडायचा? ‘ले तां मोदेर्न’चे फ्रान्सिस झांसों यांनी एफएलएनसाठी पैसे आणि माणसे पोचवणारे गुप्त जाळे उभारले. (1952 मध्ये कादंबरीकार आल्बेर काम्यू यांच्यावरील ज्या टीकालेखातून सार्त्र-काम्यू मैत्री तुटली, तो लेखही झांसों यांचाच. अल्जीरियात जन्मलेल्या काम्यूंनी 1956 मध्ये नागरिकांना इजा न करण्याचे आवाहन केले. हे आवाहन फसल्यावर काम्यू जाहीरपणे फारसे बोलले नाहीत.) झांसों यांच्या साथीदारांवरील खटला सप्टेंबर 1960 मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास लेखक-विचारवंतांच्या सह्यांचा ‘121 जणांचा जाहीरनामा’ निघाला. अल्जीरियन जनतेविरुद्ध शस्त्र उचलायला नकार देणे न्याय्य आहे, असे त्यात म्हटले होते. तो छापायला मनाई झाली. ‘व्हेरिते-लिबेर्ते’ या युद्धविरोधी पत्राने तो छापला, तर ‘ले तां मोदेर्न’चा अंक त्या जागी दोन कोरी पाने ठेवून निघाला. सही करणाऱ्या काही प्राध्यापकांना निलंबित केले गेले. ‘एस्प्री’चे संपादक झां-मारी दोमनाक यांनी सही केली नाही. युद्धाला त्यांचा ठाम विरोध होता, पण लोकशाही राज्यातील सैन्यभरतीला सरसकट नकार त्यांना मान्य नव्हता. त्यांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबरमध्ये ‘फ्रेंच अल्जीरिया’च्या समर्थक लेखकांनी प्रतिजाहीरनामा काढला, त्यावर फ्रेंच सेनानी मार्शल झुएँ यांचीही सही होती.

हिंसेचा प्रश्न शेवटी आला. फानों यांच्या पुस्तकातील, वसाहतवादाविरुद्धच्या हिंसेविषयीचे प्रकरण मे 1961 मध्ये ‘ले तां मोदेर्न’मध्ये आले. त्या पुस्तकावर दोमनाक यांनी 1962 मध्ये ‘एस्प्री’त टीका केली. या साऱ्या वादाची एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे : पॅरिसच्या या पानांत अल्जीरियन लेखक स्वतः फार कमी बोलताना दिसतात. वाद बव्हंशी फ्रान्सच्या सदसद्विवेकाचा राहिला.

स्वातंत्र्यानंतर काय होईल, हे ‘सोसियालिझ्म उ बार्बारी’ या छोट्या नियतकालिकाने आधीपासून विचारले होते. कॉन्स्तांतीनमध्ये शिक्षक राहिलेले झां-फ्रांस्वा लियोतार 1956पासून तिथे अल्जीरियावर लिहीत होते. स्वातंत्र्याला पाठिंबा देतानाच, सत्ता शेतकरी-कामगारांऐवजी नव्या नोकरशाहीच्या हाती जाईल, ही भीती त्यांनी मांडली. 1965च्या लष्करी सत्तांतराने ती निराधार नव्हती हे दिसले. 1966 मध्ये शेजारच्या मोरोक्कोत अब्देललतीफ लाबी यांनी ‘सूफ्ल’ हे नियतकालिक काढले आणि माग्रेबच्या (वायव्य आफ्रिकेच्या) लेखकांनी आपल्या संस्कृतीच्या निर्वसाहतीकरणाचा वाद स्वतःच्या पानांवर नेला. 1972 मध्ये ते बंद पाडले गेले व लाबी यांना तुरुंगात टाकले गेले. 1980 मध्ये त्यांची सुटका झाली.

फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या हार्की अल्जीरियनांकडे डाव्या नियतकालिकांनी दीर्घकाळ दुर्लक्ष केले. युद्धानंतर त्यांच्यापैकी हजारो अल्जीरियात मारले गेले, आणि फ्रान्समध्ये पोचलेल्यांपैकी अनेकांना छावण्यांत राहावे लागले. ‘ले तां मोदेर्न’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो 2011 मध्ये. तेव्हाचे संपादक क्लोद लान्झमान यांनी 1960 मध्ये 121 जणांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती.