क्षयाच्या गोळ्या आणि यकृतातील दोन वाटा

क्षयरोगाच्या औषधांनी यकृत खराब होते, हे अर्धसत्य ऐकून खोकला थांबताच गोळ्या सोडून देणे हा त्या औषधांपेक्षा मोठा धोका आहे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या तिन्ही औषधांमुळे यकृताला इजा होऊ शकते, हे खरेच आहे. पण ती कशी होते हे समजले, तर भीतीची जागा सावधगिरी घेते.

१९५२ पासून वापरात असलेल्या आयसोनियाझिडचेच पाहा. यकृतातील ‘नॅट२’ हे विकर (एन्झाइम) त्याला ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट जोडते. पुढे या रेणूचे विघटन होऊन ॲसिटिलहायड्राझिन तयार होते आणि येथे दोन वाटा फुटतात. नॅट२ने त्याला आणखी एक ॲसिटिल गट जोडला, तर निरुपद्रवी डायॲसिटिलहायड्राझिन बनते. परंतु ‘सीवायपी२ई१’ या दुसऱ्या विकराने त्याचे ऑक्सिडीकरण केले, तर अतिशय क्रियाशील रेणू निर्माण होतात, ते यकृतपेशींतील प्रथिनांना चिकटतात आणि पेशी मरू लागतात. ज्यांचे नॅट२ जन्मतःच मंद असते, त्यांच्यात ही सुरक्षित वाट रेंगाळते. शिवाय मूळ औषधाचे थेट विघटन होऊन विषारी हायड्राझिन अधिक बनते आणि रिफाम्पिसिन त्या विघटनाला वेग देते. एके काळी वेगवान नॅट२च धोक्याचे मानले जाई, कारण त्याच विकराची दुसरी पायरी विचारात घेतली गेली नव्हती. मद्यामुळे सीवायपी२ई१ वाढते, म्हणून उपचारकाळात ते पूर्ण वर्ज्य.

सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील एएलटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) किंचित वाढून बहुधा आपोआप उतरते. ते कमाल सामान्य पातळीच्या पाचपट, किंवा मळमळ, भूक मरणे, कावीळ अशी लक्षणे असताना तिप्पट झाले, तर डॉक्टर ही औषधे थांबवतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होणे म्हणजे कावीळ नव्हे. डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. यकृत ‘शुद्ध’ करणारे म्हणून विकले जाणारे काढे अशा वेळी घेऊ नयेत, कारण काही वनस्पती स्वतःच यकृताला घातक असतात.

एएलटी कमाल सामान्य पातळीच्या दुपटीखाली आल्यावर औषधे एकेक करून, मध्ये रक्त तपासत, पुन्हा सुरू केली जातात आणि ज्या औषधाने ते परत चढते, तेवढेच वगळून उपचार पूर्ण करता येतो.