इच्छामरणाला परवानगी आहे म्हणजे नक्की कशाला?

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सनं असिस्टेड डाइंगचं, म्हणजे डॉक्टरच्या मदतीनं मरण पत्करण्याचं बिल पास केलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा लगेच मेसेज आला, की यात काय विशेष, आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं २०१८ लाच इच्छामरण कायदेशीर केलंय. काका एकटे नाहीत, चांगले शिकलेसवरलेले लोकही हेच धरून चालतात, आणि मला वाटतं या गैरसमजापायीच आपल्याकडे या विषयावर धड बोलणं होत नाही. म्हणून जरा मागून सांगतो.

इच्छामरण या एका शब्दात आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबल्यात. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये लोकांनी १९९४ ला मतदान करून जो कायदा आणला (लागू झाला १९९७ ला) त्यात डॉक्टर इंजेक्शन देत नाही. सहा महिन्यांच्या आत जाणार असं निदान झालेला, स्वतःचा निर्णय घेण्याइतपत शुद्धीत असलेला सज्ञान पेशंट स्वतः मागणी करतो, डॉक्टर औषध लिहून देतो आणि ते पेशंटनं आपल्या हातानं घ्यायचं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कडक अटींवर डॉक्टरनं इंजेक्शन दिलेलंही चालतं. आपल्याकडे यातलं काहीही चालत नाही. ऑरेगनचा डॉक्टर जे करतो ते इथल्या डॉक्टरनं केलं तर तो आत्महत्येला मदत केल्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहिता कलम १०८, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आपल्याला परवानगी मिळालीय ती फक्त बरं होण्याची आशा संपलेल्या पेशंटचे उपचार थांबवायची किंवा सुरूच न करायची.

सावरकरांनी १९६६ ला अन्न-औषध सोडलं, विनोबांनी १९८२ ला पवनारच्या आश्रमात तेच केलं, हे या चर्चेत कोणीतरी काढतंच. पण ते त्यांचं त्यांनी ठरवलं, त्यात डॉक्टरच्या हाताचा प्रश्न नव्हता, आणि सगळा वाद तर त्या हाताचाच आहे.

कोर्टातली लढाई मोठ्या प्रमाणात मुंबईतून सुरू झाली, आणि तीही असाध्य आजारातून नाही. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस कॉन्स्टेबलनं महापालिका आयुक्तांच्या ऑफिसबाहेर पेटवून घ्यायचा प्रयत्न केला, त्याच्यावर आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं कलम ३०९ लागलं, आणि मुंबई हायकोर्टानं १९८६ ला ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. १९९४ ला सुप्रीम कोर्टही तेच म्हणालं. मग आली १९९६ ची ग्यान कौर केस, ती आत्महत्येला मदत केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची होती आणि त्यांचा मुद्दा सरळ होता, की मरायचा प्रयत्न गुन्हा नाही तर मदत गुन्हा कशी? पाच न्यायमूर्तींनी तो फेटाळला, जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असं सांगितलं आणि ३०९ परत जिवंत केलं. पण त्याच निकालात म्हटलंय की मरणाची प्रक्रिया सुरूच झालेली असेल तर सन्मानानं मरणं हा जगण्याचाच भाग धरता येईल. पुढचं सगळं या एका फटीतून आत आलं.

मिनू मसानींनी १९८१ ला मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, पण सामान्य माणसाच्या कानावर हा विषय गेला तो मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमुळे. अरुणा शानबाग तिथं नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमधल्याच सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून अत्याचार केला, मेंदूचा ऑक्सिजन तुटला आणि त्या त्यातून पुन्हा कधी सावरल्या नाहीत. त्याला शिक्षा झाली सात वर्षं, तीही हल्ला आणि चोरीची. त्या मात्र ४२ वर्षं वॉर्ड नंबर चारमध्ये. पत्रकार पिंकी विराणींनी २००९ ला सुप्रीम कोर्टात अर्ज केला, की त्यांना अन्न देऊन जगवत ठेवणं थांबवा.

या केसमध्ये मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे केईएमनं कोर्टाला काय सांगितलं. ३७ वर्षांत एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांना कळेल हे काय काम आहे, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सप्टेंबर २०१० ला मलेरिया होईपर्यंत त्या कुस्करलेलं अन्न तोंडानं खात होत्या, नाकातून नळी नंतर आली. ज्या नर्सेसनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं त्या म्हणत होत्या की आम्ही करू, तुम्ही कोण सांगणार? ७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी हेच मान्य केलं, अरुणाचे जवळचे म्हणजे केईएमचा स्टाफ, विराणी नाहीत. अर्ज फेटाळला, नर्सेसनी मिठाई वाटली. पण त्याच निकालात देशात पहिल्यांदा उपचार थांबवायला वाट मिळाली, फक्त प्रत्येक वेळी हायकोर्टात जायचं, कारण इस्टेटीच्या लोभानं नातेवाईक गैरफायदा घेतील ही कोर्टाला भीती. १८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियानं गेल्या.

हायकोर्टात कोण जातं हो? २०१४ ला माझी आजी आयसीयूत होती, अकरावा दिवस, डॉक्टर म्हणाले आता काही उपयोग नाही, मग मशीन काढा म्हटलं तर म्हणाले मी नाही काढू शकत, तुम्ही सही करून घरी न्या. याला डामा म्हणतात, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, प्रत्यक्षात सल्ला त्यांचाच असतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये माझा मावसभाऊ आंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा) दाबत होता, जिन्यातून वर नेतानाही दाबत होता, घरी पलंगावर ठेवल्यावरही, कारण थांबायचं कधी हे कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी आईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

कॉमन कॉज या संस्थेचा अर्ज २००५ पासून पडून होता, त्याचा निकाल ९ मार्च २०१८ ला लागला. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य झालं, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही वगैरे इतक्या अटी की कागदावरच राहिलं. (निकालाच्या थोडं आधी ठाकूरद्वारच्या एका वृद्ध जोडप्यानं राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती, आजार काही नव्हता, मूल नव्हतं आणि कोणावर पडायचं नव्हतं. कोर्टानं दिलं त्यात त्यांचं काहीच बसत नाही.) २४ जानेवारी २०२३ ला अटी सैल झाल्या, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरे, मेडिकल बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. गोव्यात मे २०२४ ला न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, राज्यातलं पहिलं.

आता पुढचा प्रश्न, डॉक्टरनं औषध हातात द्यावं का? मी ठाम विरोधात नाही, शुद्धीत असलेल्या कॅन्सरच्या पेशंटला आणखी किती सोस असं म्हणणारा मी कोण. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९८५ ला अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आला आणि लायसन्सच्या जाचानं मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध हॉस्पिटलांतून जवळपास गायबच झालं, वर्षाला साधारण ६०० किलो वापर होता तो १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. वांद्र्याला १९८६ ला शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा) सुरू झालं ते याच काळात. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. एवढी वर्षं ज्यांनी 'मला मारून टाका' म्हटलं असेल त्यातल्या किती जणांना खरं तर मरण नको होतं, दुखणं थांबायला हवं होतं? ब्रिटनसारख्या देशांतल्या वादात गरिबावर, म्हाताऱ्यावर दबाव येईल का हा मुद्दा असतो, आपल्याकडे तर दबाव दुखण्याचा आहे, आणि आयसीयूच्या बिलाचा.

आईनं मागच्या वर्षी स्वतःचं लिव्हिंग विल केलं. व्हेंटिलेटर नको, नळी नको, सगळं टाइप केलेलं होतं, आणि नोटरीकडे जायच्या आधी तिनं खाली पेनानं एक ओळ वाढवली, दुखण्याचं औषध मात्र शेवटपर्यंत बंद करू नका.